बेहड्याखालची वरात

नगरला परत आल्यापासून शेजारणी एकच विचारतात, लोणावळ्याला जाऊन काय काय पाहिलंत? मी सांगते, माश्या. मग त्या माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघतात आणि गुडदाणी तरी आणलीत का, म्हणून विचारतात. गुडदाणी आणली होती, ती वाटूनही झाली. राहिलेली हकिकत मात्र ओट्यावर उभ्याउभ्या सांगून पुरी होत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मूळ कारण आमचे हे. जन्मभर शाळेत सृष्टिविज्ञान शिकवून हे पेन्शनीत निघाले आणि महिना उलटायच्या आत यांना रानमाश्यांनी धरलं. माणसं उतारवयात भजनाला लागतात, हे मोहोळाला लागले. आमच्या नगरकडे मोहोळं अगदीच नाहीत असं नाही. पण यांना पाहिजे होती आग्या माशी, आणि तीही घाटमाथ्यावरची. ही बया पावसाळा सरला की कुठून तरी येते, उंच झाडाला नाहीतर कड्याला सुपाएवढं पोळं टांगते, आणि वळीव यायच्या बेतात सगळा संसार टाकून निघून जाते. यांना छळणारा प्रश्न असा, की पुढल्या साली त्याच झाडावर येतो तो तोच थवा, का त्याची लेकरंबाळं, का कुणी अगदी परकाच? मी म्हटलं, कुणीही असेना, तुम्हाला काय तिथं सोयरीक जुळवायची आहे? त्यावर हे इतके हिरमुसले की मला बरोबर जाणं भाग पडलं.

तुंगार्ली

यांचा एक जुना विद्यार्थी तुंगार्लीला कुणा शेटजींच्या बंगल्याची व्यवस्था बघतो. शेटजी मे महिन्याशिवाय फिरकत नाहीत, तेव्हा मागच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. माघ संपत आला होता, तरी सकाळी तळ्यावर धुकं असं बसायचं की पलीकडचा काठ दिसू नये. नगरची थंडी कोरडी, अंग उलवते. इथली थंडी ओली, ती लुगड्याच्या घडीत शिरून बसते. पहिल्या दिवशी चूल पेटेना. जळण दवानं भिजलेलं होतं. मी फुंकणीनं फुंकून फुंकून डोळे लाल करून घेतले आणि हे वर वाशाकडे मान करून उभे!

वाशाला बोट जाईल एवढी गोल गोल भोकं होती आणि त्यांतून पिवळसर भुसा माझ्या भिजवलेल्या कणकेत पडत होता. काळा निळा भुंगा आत शिरताना मीही पाहिला. मला वाटलं, भुंगा म्हणजे भुंगा. हे म्हणाले, ही सुद्धा माशीच, फक्त एकटी राहणारी. हिला राणी नाही, चाकर नाहीत, मोहोळ नाही. एकटी बाई लाकूड कोरते, आत परागाचा लाडू ठेवते, त्यावर अंडं घालते आणि भुश्याची भिंत घालून पुढच्या खोलीला लागते. बहुतेक माश्यांचं असंच असतं, म्हणे. मधाच्या माश्या बोटांवर मोजण्याइतक्या, बाकीच्या सगळ्या अशा एकट्या, कुणी मातीत, कुणी काटकीत. आणि पुष्कळ जातींत पोर बाहेर येईपर्यंत आई जगतच नाही.

मला त्या भुंगीचं एकदम वाईट वाटलं. कणकेवरचा भुसा वेचून काढला आणि भुंगीच्या वाशाखालून पाट सरकवून दुसरीकडे बसले. पुढे चार दिवस मी तिथंच स्वयंपाक केला, पण त्या वाशाखाली काही ठेवलं नाही.

बंगल्याचा माळी सखाराम हा मोठा बोलका गडी. हे दिवसभर झाडाझाडाखाली मान वर करून हिंडतात हे पाहून त्यानं एकदा विचारलंच, की मास्तर काय हरवलंय का. यांनी सांगितलं. तो म्हणाला, मग हितं काय बगता, आमच्या बहिणीच्या गावी चला. शिवंवर बेहडा आहे, त्यावर दरसाल आग्या बसतो, फांदी दिसत नाही इतका. शिवाय भाचीचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय, पाव्हणे म्हणूनच चला. लग्नाचं नाव निघाल्यावर मला नाही म्हणवेना.

कान्ह्याच्या पुढे

कान्हे स्टेशनला उतरून बैलगाडीनं दोन टेकड्या ओलांडल्या. गावाचं नाव मुद्दामच देत नाही. दिलं तर पुण्याची हौशी मंडळी रॉकेलचे डबे घेऊन मधाला जातील. भाताची खाचरं कापून मोकळी पडली होती, बांधाबांधानं पांगारा आणि सावर फुलली होती, पानाचं नाव नाही आणि झाडं नुसती लाल. आमच्याकडे फाल्गुनात रान बघवत नाही. इथं सगळ्या झाडांनी जणू हळदीकुंकवाला निघायचं ठरवलं होतं.

सखारामची बहीण हौसाबाई. चाळिशीची, उंच, आवाज खणखणीत, शेतातल्या माणसाला दारातून हाक मारणारी. तिचे यजमान भिकोबा तिच्यासमोर फारसे बोलत नसत. लग्न होतं त्यांच्या थोरल्या मुलीचं, अनसूयेचं. तिला सगळे अनशी म्हणत. कारवीच्या काठ्या विणून शेणामातीनं लिंपलेल्या भिंती, गुळगुळीत सारवलेली जमीन, आणि आमच्यासाठी ओटीवर दोन नव्या गोधड्या. जेवायला आंबेमोहोर, हुलग्याचं पिठलं आणि तांदळाची भाकरी. ज्वारीबाजरीवर वाढलेल्या मला ती पांढरी भाकरी थापता येईना. माझ्या हातून ती तव्यात पडायच्या आधीच फाटायची. हौसाबाई हसली नाही, पण तिनं परात हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी बेहडा पाहिला; आदल्या संध्याकाळी गाडी त्याच्याखालूनच आली होती, पण अंधारात काही दिसलं नव्हतं. गावची शीव तिथं संपते. एका अंगाला ओढ्याची घळ, दुसऱ्या अंगाला खडक, आणि मधून गाडीवाट नेमकी झाडाखालून जाते. मान मोडेपर्यंत वर पाहिलं तेव्हा आडव्या फांद्यांना काळपट पोळी लोंबताना दिसली, शेजारी शेजारी, वाळत घातलेल्या घोंगड्यांसारखी. मी पाहत असताना एक गांधीलमाशी जवळून गेली आणि त्या घोंगडीवरून एक लाट सरकन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. सगळ्याजणींनी एकामागून एक अंग झटकलं होतं. मी दोन पावलं मागं सरले. यांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं. आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा हे असे झाले नव्हते, हे मी इथं नमूद करून ठेवते.

ओढ्याच्या डबक्यावर या माश्या पाणी प्यायला उतरत. तिथं हे गवताची काडी माझ्या पायांना लावायच्या लाल अळित्यात बुडवून एकेकीच्या पाठीवर ठिपका देत बसायचे. पाणी पिणारी माशी शांत असते. कुठला ठिपका कुठल्या फुलावर दिसतो ते पाहत मग रानोमाळ हिंडायचं. दोन टेकड्यांपलीकडच्या पांगाऱ्यावर एक लाल पाठीची सापडली त्या दिवशी यांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. माझी अळित्याची बाटली संपली. गावातल्या बायकांना वाटलं, मास्तर माश्यांची ओटी भरतो.

पण एक दिवस यांना झाडाच्या बुंध्याशी जायची बुद्धी झाली, आणि गेले ते काळा अल्पाकाचा कोट घालून. का, तर शाळेत सवय. आग्या माशीला काळं आणि लोकरीचं खपत नाही, हे यांनीच मला तुंगार्लीला समजावून सांगितलं होतं! पाचसात डंख घेऊन हे ओढ्यातून परत आले तेव्हा एक डोळा मिटला होता. हौसाबाईनं नखानं काटे खरवडून काढले, चुना लावला आणि भिकोबांचं पांढरं धोतर यांच्या अंगाभोवती गुंडाळलं. तेव्हापासून हे तसेच हिंडले. कोट मी ट्रंकेच्या तळाशी घातला.

ठरवाठरव

लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली. वर तळेगावचा, स्टेशनात कामाला. वऱ्हाड येताना पायवाटेनं डोंगरावरून येणार होतं. पण लग्न लागल्यावर नवरी गाड्यांनी न्यायची, आणि गाडीवाट बेहड्याखालून. वराचे आजोबा आबा जुन्या वळणाचे, त्यांनी निरोप धाडला होता की वरात वाजतगाजत निघाली पाहिजे, ढोल, ताशे, सनई, सगळं. आग्याखाली ढोल वाजवणं म्हणजे वऱ्हाडातलं माणूस उरायचं नाही. एरवी या गावात माश्या बसल्या की लग्नं धरतच नाहीत, सगळी कार्यं माश्या उठल्यावर वैशाखअखेरीला. यंदा तळेगावकरांना तेव्हाचा मुहूर्त नव्हता. भिकोबांनी आदल्या रात्री टेंभे लावून पोळी जाळायचं ठरवलं.

हे ऐकून आमच्या यांचं जेवण तुटलं. भिकोबांना जाऊन सांगा, असं मला दोनदा म्हणाले. मी म्हटलं, पाहुण्यानं मुलीच्या बापाला काय सांगायचं, त्याची अब्रू त्याला, तुमच्या माश्या तुम्हाला. वर म्हटलं, हौसाबाईच जाळायला सांगत असेल, कोणत्या आईला लेकीची वरात मुकी आवडेल? इथं मी साफ चुकले होते.

संध्याकाळी आम्ही बायका हळद कांडत बसलो होतो. हौसाबाई मुसळ थांबवून म्हणाली, या झाडाचा मध विकत नाहीत. माश्या उठायच्या सुमाराला ठाकरवाडीचा माणूस चढतो, पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापतो, आणि तो मध घरोघर बाटलीभर राहतो, बाळंतिणीसाठी. गावात जन्मलेल्या पोराच्या जिभेला पहिल्यांदा लागतो तो हाच मध. मग ती खाली बघत म्हणाली,

"माझ्या अनशीला गूळ लावला, बाई. ती झाली त्याच्या आदल्या साली कुना साहेबाच्या शिकारीचा तळ पडला हुता झाडाजवळ, त्याच्यासाटी पोळी जाळली. चार वर्सं माशी फिरकली न्हाई. सगळ्या गावाला मध, आन माझ्या पोरीला गूळ. आता ती पयल्या बाळंतपनाला माझ्याकडंच यील. तवा बी गूळच लावू का?"

 दाराशी हालचाल झाली. हे तिथं धोतर गुंडाळून उभे होते आणि सगळं ऐकत होते. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हौसाबाई, माशी परत आली तेव्हा पोळी किती बसली होती?"

मी कपाळावर हात मारला. पण हौसाबाई जराही रागावली नाही. आठवून म्हणाली, पहिल्या साली एकच, तेही लहान. दुसऱ्या साली दोनतीन. हे हरखून गेले. म्हणजे जुने थवे मेले, आणि कुणी परका थवा वाट शोधत आला, मग त्याच्यामागून दुसरे, असं मला हलक्या आवाजात समजावू लागले. एक पोळं जाळणं म्हणजे नुसत्या त्या माश्या जाळणं नव्हे, वाट ठाऊक असलेलं घराणं जाळणं, असं म्हणाले. त्यांचं खरं असेल. मला तेव्हा फक्त अनशीच्या जिभेवरचा गूळ दिसत होता, आणि या माणसाचा राग आणि लोभ दोन्ही एकदम येत होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी आबा वाजंत्र्यांना घेऊन वऱ्हाडाच्या आधी आले. पांढऱ्या मिशा, हातात चांदीच्या मुठीची काठी. ओटीवर बैठक बसली. भिकोबा नुसते पानाचं तबक पुढे सारत राहिले. तेव्हा हौसाबाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून दारातूनच बोलली. तिनं सगळं सांगितलं, मध, गूळ, जळालेली पोळी. आबांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं.

"वाजंत्रीबिगर नवरी न्यायची म्हंजे चोरून न्यायची का आमी?"

"चोरून न्हाई, आबा. देवळात जाताना पायतान काढून ठेवतो न्हवं? तसा तितं आवाज काढून ठेवायचा. झाड मागं पडलं, खिंड वलांडली, की वाजवा तळेगावापत्तुर."

आबांचा अंगठा तळहातावरच्या तंबाखूवर फिरतच राहिला. भिकोबांच्या कपाळावर घाम आला होता. सोयरीक मोडली तर आणखी दोन मुली घरात होत्या. मग आबांनी विचारलं, "त्यो मध म्हंजे माझ्या पनतवाच्या जिभेला लागनार?"

"त्येच्याच."

आबांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि वाजंत्र्यांच्या पुढाऱ्याला बोलावून ढोलांना गोधड्या गुंडाळायला सांगितलं. आमच्या यांनी माझा हात दाबला. चारचौघांत असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

त्या दिवशी सगळं घर हलकं झालं होतं. जेवणं झाल्यावर भिकोबांची म्हातारी मावशी मात्र सुपारी कातरता कातरता बोलून गेली, की ढोलाचं झालं, पन रडायचं काय? आणि सगळ्या बायका हातातलं काम टाकून हौसाबाईकडे बघू लागल्या.

ते मला समजावून सांगावं लागलं. आमच्या घराण्यात मुलगी सासरी निघाली की आई पदरानं डोळे टिपते, आणि फार झालं तर एक हुंदका. इथं तसं नाही. इथं आई आणि लेक शिवेवर, म्हणजे त्या बेहड्याखालीच, गळ्यात गळा घालून मोठ्यानं रडतात, शब्द लावून रडतात, लहानपणापासूनचं सगळं त्या रडण्यात सांगतात. खरं सांगते, असं रडणं मी नगरला लांबून ऐकलं आहे आणि मला ते नेहमी जरा दिखाऊ वाटत आलं आहे. मी म्हटलं, मग इथं दारातच रडून घ्या. मावशी म्हणाली, उंबऱ्यात रडू नये, घराला लागतं. आणि शीव ओलांडेपर्यंत लेक गेली असं म्हणतच नाहीत, मग आधी रडायचं कशाला?  हौसाबाईनं उठून उद्याचे तांदूळ भिजत घातले.

वरात

लग्न दुपारी लागलं. पंगती उठल्या. निघायच्या आधी सगळ्यांची तपासणीच झाली म्हणा ना. वासानंही माश्या उठतात, म्हणून बायकांनी डोक्यातले गजरे काढून तुळशीपाशी ठेवले. नवरदेवाच्या कानातला अत्तराचा फाया काढला आणि कान राखेनं पुसला. बैलांच्या घुंगुरमाळा उतरल्या, गाडीच्या आसांना तेल घातलं. काळ्या घोंगड्या घरी राहिल्या. तान्ह्या पोरांच्या आयांनी पोरं पदराखाली घेतली. यांची तपासणी मी स्वतः केली.

आणि शेदीडशे माणसं चालू लागली. इतक्या माणसांचा आवाज नसणं मी यापूर्वी अनुभवलं नव्हतं. फक्त पायांखालची माती वाजत होती. बेहड्याजवळ आलो तेव्हा वरची गुणगुण ऐकू येऊ लागली. मी मान वर केली नाही. वाजंत्री ढोल छातीशी धरून गेले, लेकरू धरावं तसे. गाड्या गेल्या. वऱ्हाड गेलं.

अनशी आणि हौसाबाई झाडाखाली थांबल्या. आईनं शिवेच्या पुढे जायची रीत नव्हती. हौसाबाईनं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि आपलं तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिनं येऊ दिला नाही. तिच्या गळ्याच्या शिरा टरारून वर आल्या होत्या. अनशीचे खांदे गदगदत होते. हौसाबाईनं आपला पदर लेकीच्या तोंडाशी दाबला आणि दुसरा हात स्वतःच्या तोंडावर दाबला, आणि तशाच त्या दोघी कपाळाला कपाळ लावून उभ्या राहिल्या. वर पोळ्यांवरून एक लाट गेली, मग दुसरी. सगळ्या बायका जमिनीकडे बघत होत्या. ज्याला मी दिखाऊ म्हणत होते ते किती खोलवरून येतं, हे मला ते नसताना कळलं.

शेवटी आबा मागं आले. त्यांनी काठी काखेत मारली, नातसुनेचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि तिला घेऊन गेले.

आम्ही तिथंच उभे होतो. गाड्या वळल्या, खिंडीआड गेल्या. थोड्या वेळानं लांबून ढोलावर पहिली थाप पडली. मग सनई. आणि त्या दोन्हींच्या वर, वाऱ्यावरून, अनशीचा आवाज आला. तिकडे तिला आता मोकळीक होती. "आये ऽ," म्हणून तिनं हंबरडा फोडला होता.

हौसाबाईनं एकदा वर पोळ्यांकडे पाहिलं. मग ती वळली आणि धावत सुटली, गावाकडे, लेकीच्या उलट्या दिशेनं. काष्टा सुटेल याचं भान नाही, पायांत काटे, डोक्यावरचा पदर मागं उडालेला. आम्ही बायका तिच्यामागं धावलो. झाड बरंच मागं पडलं, भिकोबांचं खळं आलं, तिथल्या मळणीचे बैल बांधायच्या तिवड्याच्या खांबाला तिनं मिठी मारली आणि मग उत्तर दिलं.

त्या हाकेत काय काय होतं ते मला लिहिता येत नाही. गुळाचं होतं, तेवढं समजलं. पलीकडून आवाज आला की ही थांबून ऐकायची, तो विरला की हिचा चढायचा. मीही रडत होते, मोठ्यानं, आमच्या घराण्यात कुणी रडलं नसेल अशी. ढोल लांब लांब गेला तरी त्या दोघी एकमेकींना ओ देत राहिल्या. त्यांच्यामध्ये तो बेहडा होता, आणि त्यावरच्या माश्या शांत होत्या.